शिडाची होडी खाडीत नेताना

गंगापूर धरणाच्या पाण्यावर होडीची गोडी लागली की आज ना उद्या समुद्राचे वेध लागतात. नाशिकहून कसारा घाट उतरलं की मुंबई बंदर आणि त्याच्या पलीकडे मांडवा, रेवदंडा, मुरूड हा सगळा किनारा काही तासांच्या रस्त्यावर आहे. हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्याकडे स्वतःची किंवा मित्रांमध्ये मिळून घेतलेली शिडाची छोटी होडी आहे, ज्यांना शीड आणि सुकाणू हाताळता येतं, आणि ज्यांना येत्या हिवाळ्यात रायगड-रत्नागिरीच्या एखाद्या खाडीत शिरून रात्री तिथे मुक्काम करायचा आहे. शीड कसं धरावं हे इथे सांगत नाही. धरणावर जे कधी शिकायला मिळत नाही, त्याबद्दलच बोलू या: चढणारं-उतरणारं पाणी, वाहणारं पाणी, आणि आपल्यासाठी न हलणारे पूल.

आपल्या गावच्या द्राक्षांची पेटी रॉटरडॅमला उतरते, आणि आपल्या ओळखीतली मुलं-मुली अ‍ॅम्स्टेलवेन-आइंडहोवनला नोकरीला असतात. त्यांच्याकडे उन्हाळ्यात जाऊन आलेली मंडळी तिथल्या शहरांतल्या कालव्यांमधून जाणाऱ्या शिडाच्या बोटींचं कौतुक सांगतात, आणि ते खरंही आहे. नेदरलँड्समध्ये दक्षिणेतल्या व्लिसिंगनपासून उत्तरेतल्या डेल्फझाइलपर्यंत डोलकाठी उभी ठेवून देश ओलांडता येईल असा जलमार्ग राखलेला आहे. वाटेतले पूल उघडतात. लाल दिवा म्हणजे थांबा, लाल-हिरवा एकत्र म्हणजे पूल उघडण्याच्या तयारीत आहे, हिरवा म्हणजे चला. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये उंच डोलकाठीच्या बोटी मध्यरात्री एकापाठोपाठ एक निघतात, कारण वाटेतला रेल्वेचा पूल दिवसा गाड्या थांबवून उघडणं परवडत नाही. आणि बहुतेक कालव्यांतल्या पाण्याची पातळी झडपांनी राखलेली असते, त्यामुळे संध्याकाळी खांबाला दोर बांधला की माणूस निवांत झोपतो.

आपल्याकडे पूल उघडत नाहीत. देशात रामेश्वरजवळच्या पांबनला एप्रिल २०२५ मध्ये नवा उचलता पूल सुरू झाला, पण महाराष्ट्राच्या खाड्यांवर तशी सोय नाही. शिवाय आपलं पाणी झडपांनी बांधलेलं नाही. मुंबईच्या आसपास उधाणाला ते सहा तासांत चार-साडेचार मीटर चढतं आणि पुढच्या सहा तासांत तेवढंच उतरतं. म्हणून खाडीतली प्रत्येक गोष्ट, कधी शिरायचं, पुलाखालून कधी जायचं, दोर किती लांब सोडायचा, रात्री कुठे थांबायचं, भरती-सुकतीच्या वेळेवरून मागे मोजत ठरवायची असते. हा एक हिशेब पक्का बसला तर बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

आधी होडीबद्दल. २००९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून निघून दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि मे २०१० मध्ये ते परत आले. त्यांची 'म्हादेई' ५६ फुटी होती. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली, आणि तिचा आराखडा व्हान डे स्टाट या डच संस्थेचा. महासागरासाठी अशीच होडी हवी: खोल कील, उंच डोलकाठी, जड बांधणी. पण तिच्याकडे पाहून खाडीसाठी होडी निवडू नका. आपल्या खाड्यांना नेमकी उलटी होडी लागते. वीस-बावीस फुटांची, जिची कील वर ओढून घेता येते आणि जिची डोलकाठी दोघांना मिळून आडवी पाडता येते, ती नाशिककरांसाठी सर्वांत सोयीची. ती ट्रेलरवर टाकून घाट उतरता येतो, चिखलात बसली तरी कलंडत नाही, आणि पुलासमोर अडून राहत नाही. सोबत पाच ते दहा अश्वशक्तीचं इंजिन असू द्या. खाडीत नुसत्या शिडावर भरवसा ठेवणं मला पटत नाही. दोन्ही काठांच्या डोंगरांमुळे वारा पडतो आणि पाणी मात्र वाहत राहतं.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो आणि दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुरू होतो. मतलईवर बंदर सोडायचं, दुपारच्या वाऱ्यावर किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडे जायचं, आणि वारा पडायच्या आत खाडीत शिरायचं, हे वेळापत्रक या किनाऱ्यावरच्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या नायकांनी, पिढ्यान्‌पिढ्या पाळलं आहे. मार्चनंतर दुपारचा वायव्य वारा जोर धरतो आणि परतीचा, उत्तरेकडचा प्रवास अंगावर येतो. पावसाळ्यात तर विषयच नको. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यंत्रहोड्यांना मासेमारी बंद असते, आणि कोळीवाड्यांत नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही. त्यांना समुद्र आपल्यापेक्षा जास्त कळतो.

आता भरतीची वेळ. सर्व्हे ऑफ इंडियाची भरती-ओहोटीची कोष्टकं आणि देहरादूनच्या राष्ट्रीय जलआलेखन कार्यालयाचे नकाशे, ही दोन्ही होडीत छापील स्वरूपात हवीत. मोबाइल भिजतो, बॅटरी संपते. पण त्याबरोबर किनाऱ्यावरचा जुना हिशेबही शिकून घ्या, कारण त्याने आकडा चुकला तर लगेच लक्षात येतं. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जी संख्या येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा येतं. प्रत्यक्षात मुंबईला भरती त्या दिवशी बाराच्या आसपास असते. म्हणजे हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चालायचं. दक्षिणेकडे, रत्नागिरी-गोव्याच्या बाजूला, भरती मुंबईच्या आधी येते, आणि खाडीत आत जाल तसतशी ती उशिरा पोहोचते. दिनदर्शिकेवर तिथी पाहून सहलीचा दिवस ठरवायची सवय लागली की अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांचं उधाण आणि अष्टमीनंतरचा भांग हे डोक्यात राहतं. पहिल्या सहलीला भांगाचेच दिवस निवडा. पाणी कमी चढतं, कमी उतरतं आणि हळू वाहतं, त्यामुळे चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो.

पाणी सहा तासांत सारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं, आणि त्याच वेळी ओढ सर्वांत जोराची असते.

याचा उपयोग सगळ्यात आधी खाडीच्या तोंडावर होतो. कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, आणि तो दर पावसाळ्यानंतर थोडाफार जागा बदलतो, त्यामुळे नकाशावरची खोली तोंडापाशी फक्त अंदाज म्हणून घ्यायची. नियम सोपा आहे: चढत्या पाण्यावर, भरतीला दोन तास उरले असताना आत शिरायचं. होडी वाळूत रुतलीच तर पंधरा-वीस मिनिटांत पाणीच तिला उचलून देतं. उतरत्या पाण्यावर रुतलात तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. याहून वाईट म्हणजे बाहेरून वायव्येचा वारा आणि आतून जोराची सुकती, अशा वेळी तोंडावर लाटा उभ्या राहतात, जवळजवळ येतात आणि फुटतात. बाहेरून, समुद्राच्या बाजूने, त्या नीट दिसतही नाहीत, कारण आपल्याला लाटांच्या पाठी दिसतात. म्हणून तोंडापासून अंतर ठेवून दहा मिनिटं नुसतं बघत राहा. पांढरा फेस ओळीने कुठे दिसतो, सपाट पाण्याची पट्टी कुठे आहे, एखादी मासेमारीची होडी आत जात असेल तर ती कुठून वळते. शक्य असेल तर आदल्या दिवशी रस्त्याने जाऊन कोळीवाड्यात विचारा. यंदा दांडा कुठे आहे हे तिथला तांडेल दोन वाक्यांत सांगतो, आणि ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं नसतं.

पुलाचा हिशेब सर्वांत अवघड, कारण दांड्याला भरती हवी असते आणि पुलाला सुकती. एक उदाहरण मांडतो. आकडे केवळ हिशेबासाठी आहेत. डोलकाठीचं टोक पाण्यापासून ११ मीटर वर आहे, होडी पाण्यात दीड मीटर बसते. पुलाखाली उधाणाच्या भरतीला १० मीटर मोकळी जागा राहते. पाण्याचा चढ ४ मीटर. वाटेतल्या उथळ जागी पूर्ण सुकतीला फक्त ८० सेंटिमीटर पाणी असतं. डोलकाठी आणि पूल यांच्यात एक मीटर तरी मोकळं ठेवायचं, तर पाणी भरतीपेक्षा दोन मीटर खाली असायला हवं. बारा वाट्यांच्या हिशेबाने सुकतीनंतर बरोबर तीन तासांनी ते त्या पातळीला येतं, आणि त्यानंतर पुलाखालून जाता येणार नाही. आता उथळ जागा: सुकतीनंतर एका तासाने तिथे १ मीटर १३ सेंटिमीटर, म्हणजे होडी टेकणार. दोन तासांनी १ मीटर ८० सेंटिमीटर, म्हणजे तळाखाली ३० सेंटिमीटर. थोडं आणखी चढू द्यायचं तर सव्वादोन तासांपासून तीन तासांपर्यंत, जेमतेम पाऊण तासाची फट आपल्या हाती राहते. आणि त्याच पाऊण तासात पाणी सर्वांत जोरात आत धावत असतं, होडीला मागून ढकलत. पुलाच्या पन्नास मीटर अलीकडे शंका आली तरी थांबणं कठीण.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हिशेबात दीड तासाची मोकळीक आणि दीड मीटरचं अंतर मिळत नसेल तर उभ्या डोलकाठीने पुलाखाली जाऊ नका. पुलाच्या समुद्राकडच्या बाजूला नांगर टाका, शांत पाण्यात डोलकाठी आडवी पाडा, आणि इंजिनावर पुढे जा. मोकळ्या जागेचा आकडा पुलावर लिहिलेला असेलच असं नाही. पुलाच्या गाळ्याखाली छोट्या होडीने जाऊन, दोरीला वजन बांधून वरून खाली सोडून, पाण्याची वेळ लिहून ठेवत स्वतः मोजलेला आकडाच धरा. आणि खाडी ओलांडणाऱ्या विजेच्या तारांकडे आधी बघा. उच्च दाबाच्या तारेला डोलकाठी टेकावी लागत नाही, नुसती जवळ गेली तरी वीज उडी घेते. अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी आणि पोलादी दोर असलेल्या होडीत त्याचा अर्थ काय होतो हे सांगायला नको. तारा दिसल्या आणि त्यांची उंची खात्रीने माहीत नसेल तर डोलकाठी पाडा किंवा परत फिरा.

रेवस ते रेडी या किनारा महामार्गाचे पूल आता एकेका खाडीवर येऊ घातले आहेत. रेवस-करंजा पुलाचं काम सुरू झालं आहे. किनाऱ्यावरच्या माणसांना ते हवेच आहेत, तासन्‌तासांचा वळसा वाचेल. पण पुलाच्या मधल्या गाळ्याची उंची ठरवताना शिडाच्या होड्यांचाही विचार व्हावा, ही मागणी आत्ताच, आराखड्याच्या वेळी, लेखी नोंदवायला हवी. खांब उभे राहिल्यावर बोलण्यात अर्थ नसतो, आणि जी खाडी आज डोलकाठी उभी ठेवून आतपर्यंत जाऊ देते ती एकदा बंद झाली की कायमची बंद होते.

खाडीत आत आल्यावर वळणाच्या बाहेरच्या अंगाने चालायचं. तिथे पाणी काठ खात असतं म्हणून खोल असतं, आणि आतल्या अंगाला गाळ साचतो. पाणी गढूळ असल्यामुळे रंगावरून खोली कळत नाही. खोली दाखवणारं यंत्र असलं तरी एकाने पुढे बसून खुणा केलेला बांबू हातात धरावा. रायगडच्या बाजूला डोल जाळ्यांचे खुंट आणि बोये असतात. ओहोटीत खुंट दिसतात, भरतीत बुडतात. दोन बोये एका ओळीत दिसले तर त्यांच्या मधून जाऊ नका, वळसा घाला. जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं तर आपली सहल बिघडते आणि एका घराचं उत्पन्न तुटतं. धरमतर खाडीत डोळवीच्या पोलाद कारखान्याकडे कोळसा आणि खनिज नेणाऱ्या मोठ्या बार्ज दिवसरात्र भरतीवर ये-जा करतात. त्यांना वळता येत नाही, थांबताही येत नाही. आपण उथळ बाजूला सरकायचं. तसंच बागमांडले-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ या ठिकाणी जंगलजेट्टी गाड्या घेऊन सारख्या खेपा घालते. तिच्या वाटेत नांगर टाकायचा नाही, आणि तिच्या उताराच्या धक्क्याला दोर बांधायचा नाही, मग ती जागा कितीही मोकळी दिसो.

धक्क्याला लागताना आधी पाणी बघा, मग वारा. होडीचं तोंड नेहमी येणाऱ्या पाण्याकडे करून लागायचं, म्हणजे इंजिन हळू केलं की होडी पाण्यावर उभी राहते आणि तिरकी सरकत धक्क्याला टेकते. पाण्याबरोबर वाहत लागायला गेलात तर ती थांबत नाही. हे पाहायचं असेल तर राजपुरीला जा. जंजिऱ्याला माणसं नेणाऱ्या शिडाच्या होड्या तिथे आजही चालतात. किल्ल्याच्या दरवाजापाशी लाट होडीला वर-खाली करत असताना पुढचा खलाशी दोराचा फक्त एक वेढा कडीला घेतो, गाठ मारत नाही. दोराचं मोकळं टोक त्याच्या मुठीत असतं. होडी वर आली की तो ओढतो, खाली गेली की सोडतो, आणि एक पाय दगडी पायरीवर टेकवून मधलं अंतर राखतो. माणसं उतरली की वेढा सुटतो आणि होडी लगेच मागे सरते. थोड्या वेळासाठी लागायचं तर हीच पद्धत घ्या.

पाच-सहा तास राहायचं असेल तर हिशेब वेगळा. आपल्याकडच्या धक्क्यांवर बहुतेक ठिकाणी तरंगता फलाट नाही. धक्का जागेवर राहतो आणि होडी चार मीटर खाली जाते. आखूड दोर बांधून जेवायला गेलेल्या माणसांची होडी परत येईपर्यंत दोरांवर लटकलेली असते, किंवा कडी उपटलेली असते. उपाय लांब दोरांचा. पुढचा आणि मागचा दोर होडीपासून १२ मीटर दूर नेऊन बांधलात, तर पाणी चार मीटर उतरल्यावर त्याला जेमतेम ६५ सेंटिमीटर जास्त लांबी लागते. एवढी ढील आधीच देता येते. तोच दोर तीन मीटरवर सरळ समोर बांधला तर तो चार मीटरच्या उताराला पुरणारच नाही. पुढून-मागून असे दोन लांब दोर, आणि मधून एकमेकांना छेद देणारे दोन तिरके दोर, म्हणजे होडी पुढे-मागे धावत नाही. होडी आणि धक्का यांच्यामध्ये फेंडर टांगा, आणि धक्क्याच्या खांबांवर कालवांचे थर असतील तर फेंडरबाहेर आडवी फळी बांधा. कालवांची धार दोरही कापते आणि फायबरही. गाठी दोनच पुरतात: कडीसाठी बोलाइन, खांबासाठी क्लोव्ह हिच आणि वर दोन अर्धे वेढे. आणि होडीवर एक माणूस राहिलाच पाहिजे.

मासेमारीच्या होडीच्या कुशीला लागायची परवानगी मिळाली तर ते सगळ्यांत उत्तम, कारण ती तुमच्याबरोबर वर-खाली होते. पण ती पहाटे किती वाजता निघणार हे आधी विचारा, आणि त्या वेळेला तुम्ही जागे असा.

रात्रीसाठी मात्र मी धक्का टाळून नांगरच सुचवेन. आपल्या खाड्यांचा तळ बहुधा चिखलाचा, आणि चिखलात नांगर छान बसतो. जागा निवडताना वाहतुकीच्या वाटेपासून बाजूला, वळणाच्या आतल्या अंगाच्या जरा बाहेर, जिथे सुकतीला होडीखाली निदान एक मीटर पाणी उरेल अशी बघा. समजा पोहोचलात तेव्हा तिथे ३ मीटर पाणी आहे, आणखी ३ मीटर चढणार आहे, आणि होडीचं पुढचं टोक पाण्यापासून १ मीटर वर आहे. एकूण झाले ७ मीटर. नुसती साखळी असेल तर पाचपट, म्हणजे ३५ मीटर. साखळीपुढे दोर असेल तर सातपट, साधारण ५० मीटर सोडा. बहुतेक जण आल्या वेळची खोली धरून दोर सोडतात आणि मध्यरात्री भरतीला नांगर निसटतो. उलटही होतं: भरतीला साडेचार मीटर पाण्यात टाकलेल्या नांगरावर पहाटे होडी अर्ध्या मीटरमध्ये चिखलात बसते. नांगर टाकल्यावर इंजिन उलटं चालवून तो बसवा, मग काठावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून, उदाहरणार्थ देवळाचा कळस आणि त्यामागचं माडाचं झाड, अर्धा तास बघा. रेषा मोडली नाही तर नांगर बसला. पाणी फिरेल तेव्हा होडी पूर्ण उलट तोंड करणार, हे लक्षात घेऊन आजूबाजूला दोराच्या लांबीएवढं मोकळं वर्तुळ हवं. पाणी फिरण्याच्या वेळेचा गजर लावा आणि उठून पुन्हा त्याच दोन खुणा बघा. डोलकाठीवर पांढरा दिवा रात्रभर.

काठावरच्या खारफुटीला दोर बांधायचा मोह होतो. बांधू नका. कांदळवन संरक्षित आहे, त्याला इजा करणं गुन्हा आहे. आणि ती झाडं तशीही ओढ सोसत नाहीत.

निघण्यापूर्वी होडीची नोंदणी, विमा आणि सगळ्यांची ओळखपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घ्या. २६ नोव्हेंबर २००८ नंतर अनोळखी होडीची चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या ज्या बंदराजवळ थांबणार तिथल्या बंदर निरीक्षकाला आधी जाऊन भेटा, मार्ग आणि दिवस लेखी द्या. मुंबई बंदरात नौदलाचा भाग, जवाहर द्वीपचे तेलाचे धक्के आणि न्हावाशेव्याचा जहाजांचा मार्ग यांपासून लांब राहा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ होडीत डोळ्यांसमोर लिहून ठेवा. व्हीएचएफ संच असेल तर वाहिनी १६ चालू. जीवरक्षक जाकिटं अंगात. पिशवीत ठेवलेल्या जाकिटाचा उपयोग नाही.

पहिल्यांदा कुठे जावं? राजपुरीची खाडी. तोंड रुंद आहे, दिघीला मोठी जहाजं येतात इतकं पाणी आहे, जंजिरा खूण म्हणून लांबून दिसतो, आणि आगरदांड्याच्या बाजूला वायव्येच्या वाऱ्यापासून आडोसा मिळतो. रेवदंड्याला कुंडलिका खाडीच्या तोंडाशी कोर्लईचा डोंगर सुंदर खूण आहे, पण रेवदंडा-साळाव पूल तोंडापासून जवळच आडवा येतो. डोलकाठी उभी असेल तर पुलाच्या अलीकडेच थांबायचं. मांडव्याहून रेवदंड्याकडे जाताना खांदेरी-उंदेरीच्या मधून जाण्यापेक्षा खांदेरीच्या बाहेरून जा, आणि चौलच्या कडूला, त्या पाण्याखालच्या खडकांना, भरपूर अंतर द्या. दोन हंगामांनंतर हात बसला की जयगड आणि विजयदुर्ग. विजयदुर्गाला वाघोटण खाडी इतकी सुरक्षित आहे की आंग्र्यांनी आपलं आरमार तिथे ठेवलं आणि गिर्ये गावाजवळ भरतीच्या पाण्यावर चालणारी गोदी खोदली: भरतीला गलबत आत घ्यायचं, सुकतीला ते कोरड्यावर उभं राही. किल्ल्याच्या पश्चिम अंगाला पाण्याखाली भिंत आहे, म्हणून किल्ल्याला लगटून वळायचं नाही. मालवण मात्र सर्वांत शेवटी ठेवा. सिंधुदुर्गाच्या भोवती खडकच खडक आहेत, आणि स्थानिक तांडेल सोबत घेतल्याशिवाय तिथे शिरू नये. त्याची दिवसाची मजुरी आधी ठरवा, सुकाणू त्याच्या हाती द्या, आणि तो कुठल्या दोन खुणा एका रेषेत धरून आत जातो ते वहीत लिहून घ्या.